दमा : निदान आणि इलाज

आंबा घाट आणि विशाळगडाकडील मुलखात, म्हणजे शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिमेस, पावसाळ्यात भिंती आणि अंथरुणे ज्या ओलाव्याने महिनोन्महिने दमट राहतात, तोच ओलावा बुरशीला आणि धुळीतील त्या अतिसूक्ष्म जीवांना मानवतो, ज्यांचा अ‍ॅलर्जीशी असलेला संबंध 1964 साली नेदरलँड्समधील व्हूरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सूक्ष्म टोच मारली असता सुमारे 15 मिनिटांत गांधी उठली, तर शरीर त्या पदार्थाविषयी संवेदनशील आहे एवढेच सिद्ध होते. दम्याचा दाखला त्यातून मिळत नाही.

तो मिळतो श्वासमापनाने. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरने वाढली, तर प्रौढांत दम्याचा पक्ष बळावतो. हा तपशील आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण चुलीपाशी आयुष्य घालविलेल्या स्त्रीच्या धापेला लोक सरसकट दमा म्हणतात. वस्तुतः धूम्रपान न करणाऱ्यांतही सरपणाचा धूर श्वासमार्गाचा निराळा, चिवट विकार उत्पन्न करतो, हे पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये सविस्तर मांडले.

इलाजाबाबत, केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या फवाऱ्यावर विसंबू नये, सूज शमविणारे श्वसनमार्गी स्टेरॉइड सोबत असावेच, असा दंडक दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शिकेने 2019 साली प्रौढांसाठी व किशोरवयीनांसाठी घालून दिला.