रोलरनं नेमकं काय सैल होतं?

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही कुस्तीच्या वळणाची नावं तिथं शाहू स्टेडियमवर गोलफलकावर झळकतात. तालमीत मेहनत संपली की पैलवान एकमेकांचं अंग रगडून देतात, कारण मालिश हा तिथं व्यायामाचाच भाग. फुटबॉलपटूंच्या सरावात जगभर आता त्याच रगडण्याचं नवं साधन रुळलं आहे, ते म्हणजे फोम रोलर. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर पोटरी किंवा मांडी टेकवून अंगाचा भार द्यायचा आणि सावकाश मागेपुढे सरकायचं. फिजिओ याला ‘सेल्फ मायोफॅशियल रिलीज’ म्हणतात.

यातला फॅशिया स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेला असतो. मटण साफ करताना सुरीला चिकटणारा पांढरा, चिवट पापुद्रा म्हणजे फॅशिया. आपल्याही प्रत्येक स्नायूला आणि आतल्या तंतूंच्या जुडग्यांना असंच कोलॅजनचं अस्तर असतं. थराथरांमध्ये हायल्युरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्यामुळे ते एकमेकांवर सहज सरकतात.

रोलरनं ‘गाठी फुटतात’, ‘चिकटलेला फॅशिया सुटतो’ असं मैदानावर सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. २००८ मध्ये संशोधकांनी फॅशियाचं गणिती प्रारूप मांडलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड फॅशिया जेमतेम एक टक्का दाबायचा, तरी हातानं देता येईल त्याच्या कितीतरी पलीकडचं बळ लागेल, असं त्यातून दिसलं. दुसरा पुरावा मला याहून बोलका वाटतो. एकाच पायावर रोलर फिरवला, तरी ज्याला स्पर्शही झालेला नाही तो दुसरा पायही थोडा सैल होतो, असं काही प्रयोगांत आढळलं आहे. बदल फक्त पापुद्र्यात झाला असता, तर तो दुसऱ्या पायापर्यंत पोचला कसा? त्वचेतल्या आणि फॅशियातल्या दाब जाणणाऱ्या चेतातंतूंकडून संदेश मज्जारज्जू आणि मेंदूकडे जातो आणि ताण सोसण्याची मर्यादा काही वेळ वाढते, हे स्पष्टीकरण अधिक जुळतं. सैल होतो तो मुख्यतः मेंदूनं धरलेला आवर.

म्हणून रोलर निरुपयोगी ठरत नाही. २०१३ मध्ये कॅनडातल्या एका छोट्या प्रयोगात मांडीवर एकेक मिनिट दोनदा रोलर फिरवल्यावर गुडघ्याची हालचाल सुमारे १० अंशांनी वाढली आणि स्नायूची ताकद मात्र घटली नाही. २०१९ मध्ये २१ अभ्यास एकत्र तपासले गेले. व्यायामाआधी रोलर वापरल्यास लवचिकता सरासरी ४ टक्के वाढते आणि धावण्याचा वेग ०.७ टक्के, असं त्यात निघालं. २० मीटरच्या धावेत हा फरक १४ सेंटीमीटर. चेंडूवर आधी पाय पोचायला एखादे वेळी तेवढंही पुरतं, पण ही सरासरी आहे, प्रत्येकाला मिळणारी हमी नव्हे. सामन्यात १०-१२ किलोमीटर पळालेल्या खेळाडूला खरा दिलासा मिळतो तो नंतर. व्यायामानंतरच्या रोलरनं स्नायूंचं दुखणं सुमारे ६ टक्के कमी जाणवलं.

मला काळजी वाटते ती रोलरवर जाणाऱ्या वेळाची. युरोपातल्या अव्वल क्लबांमध्ये एकूण दुखापतींतला हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा वाटा दोन दशकांत १२ वरून २४ टक्क्यांवर गेला. रोलरनं ही दुखापत टळते, असा भक्कम पुरावा नाही. ज्यानं टळते तो व्यायाम साधा आहे, आणि सरावात घाई झाली की नेमका तोच गाळला जातो. डेन्मार्कमधल्या ५० संघांच्या ९४२ खेळाडूंवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘नॉर्डिक हॅमस्ट्रिंग’ करणाऱ्या गटात अशा १५ दुखापती झाल्या, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या गटात ५२.

प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की वॉर्म-अपमध्ये प्रत्येक स्नायूला रोलरची एक-दोन मिनिटं द्या, पण या व्यायामाची वेळ त्यात खर्चू नका. त्याला रोलरही लागत नाही. खेळाडूनं गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून जोडीदारानं घोटे घट्ट दाबून धरायचे आणि पाठ सरळ ठेवून, मांडीमागच्या स्नायूंनी तोल सावरत, जमेल तितक्या सावकाश पुढे झुकत जायचं. अगदीच सावरेना, की दोन्ही हात जमिनीवर टेकायचे.