मोटारसायकलीच्या पोटी जन्मलेली मोटार

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपात मोटारगाडी ही धनिकांची मिरासदारी होती. ती विकत घेण्याइतकाच पोसण्याचा खर्चही मोठा असे. मोटारसायकल त्या मानाने आवाक्यात होती; मात्र पाऊस-चिखलापासून तिच्यावर बचाव नव्हता आणि पत्नीला सोबत घेऊन प्रवास करणे कष्टाचे होते. या दोन वाहनांमधील पोकळी भरून काढण्यासाठी १९१० च्या सुमारास जे वाहन अवतरले, ते म्हणजे ‘सायकलकार’.

तिच्यामागील कल्पना साधी होती. मोटारसायकलीचे एक वा दोन सिलिंडरचे इंजिन हलक्या सांगाड्यावर बसवायचे, तारांच्या आऱ्यांची तीन किंवा चार चाके जोडायची आणि पट्ट्याने अथवा साखळीने मागील चाकांना गती द्यायची. वळणावर आतील आणि बाहेरील चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल यंत्रणा अनेक गाड्यांत वगळलेली असे. वजन घटले की इंजिन लहान चालते आणि इंजिन लहान असले की किंमत उतरते, असे हे गणित होते.

रॉबेर बुर्बो आणि आंरी दव्हो या फ्रेंच तरुणांची ‘बेदेलिया’ हे याचे टोकाचे उदाहरण. होडीसारख्या निमुळत्या गाडीत दोघे एकामागे एक बसत. त्यातही चालक मागे आणि प्रवासी पुढे! पुढील संपूर्ण आस मध्यभागी फिरे आणि स्टिअरिंगची हालचाल तिच्यापर्यंत तारेने पोहोचे. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश यांची ‘जीएन’ आणि एच. एफ. एस. मॉर्गन यांची तीनचाकी गाडी याच सुमारास पुढे आली. १९१२ मध्ये ‘द सायकलकार’ नावाचे नियतकालिकही तेथे सुरू झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोटारसायकल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या वाहनाची व्याख्या निश्चित केली. मोठ्या गटासाठी वजन ३५० किलोपर्यंत आणि इंजिन ११०० सीसीपर्यंत, तर लहान गटासाठी ३०० किलो आणि ७५० सीसी अशी मर्यादा ठरली. तरीही तीनचाकी गाडी सायकलकार की मोटारसायकल, हा वाद मिटला नाही. १९१३ मध्ये फ्रान्समधील आमियाँ येथील शर्यतीत मॉर्गन पहिली आली. परंतु तिला साइडकारच्या गटात ढकलून सायकलकारचे विजेतेपद बेदेलियाला देण्यात आले.

हे वाहन फार काळ टिकले नाही, याचे कारण त्याच्या स्वस्ताईतच दडलेले होते. पट्टे घसरत, इंजिनाचा थरथराट अंगाला जाणवे आणि ऊन-पावसाचा त्रास पुरता टळत नसे. अमेरिकेत फोर्डच्या ‘मॉडेल टी’पुढे सायकलकारची लाट दोन-तीन वर्षांतच ओसरली. युरोपात पहिल्या महायुद्धानंतर तिला पुन्हा मागणी आली. मात्र १९२२ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ बाजारात आली आणि चित्र पालटले. आकाराने चिमुकली असूनही या गाडीत चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन होते आणि चारही चाकांना ब्रेक होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सिट्रोएनची ‘५ सीव्ही’ दाखल झाली. प्रचंड उत्पादनामुळे अशा गाड्यांच्या किमती उतरत गेल्या आणि सायकलकारचे एकमेव बलस्थान हिरावले गेले.

मॉर्गन तेवढी तगली. इंग्लंडमध्ये हलक्या तीनचाकीवर मोटारीपेक्षा कमी कर असल्याने तिला गिऱ्हाईक मिळत राहिले. तिचे उत्पादन १९५२ पर्यंत चालले आणि २०११ मध्ये कंपनीने तीनचाकी नव्या रूपात पुन्हा आणली. अर्थात, यावेळी हौशी श्रीमंतांसाठी.

सायकलकार बनवणाऱ्यांनी मोटारीतून एकेक वस्तू वजा करीत किंमत उतरवली. ऑस्टिनने काहीही महत्त्वाचे न वगळता मोटारच लहान केली. सामान्य ग्राहकाला स्वस्त गाडी हवी होती हे पहिल्यांनी ओळखले. पण त्याला हवी होती ती गाडीच, तिची उणी आवृत्ती नव्हे, हे दुसऱ्याने जाणले.