चैत्रातले ऊन आणि मुलांचे फोटो

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी झाली, कडुलिंबाची चटणी तोंडे वाकडी करून का होईना पण खाऊन झाली, गळ्यात साखरेची गाठी आली, की घरात कोणाला तरी आठवण होते – अरे, मुलांचा फोटो काढायचा राहिला! मग नवे कपडे घातलेली दोन-तीन भावंडे अंगणात नाहीतर गच्चीवर ओळीने उभी केली जातात. तोपर्यंत दहा-साडेदहा वाजलेले असतात. ऊन समोरून तोंडावर. "डोळे उघड, अरे डोळे उघड," असा घोष चालतो, आणि शेवटी जो फोटो निघतो त्यात डोळ्यांच्या जागी दोन आडव्या चिरा, भुवयांखाली काळोख आणि नाकाखाली मिशी काढावी तशी सावली. मूल गोड असते हो. फोटोत ते दिसत नाही, एवढेच. वीस वर्षांनी त्याला आपला पाच वर्षांचा चेहरा पाहावासा वाटला, तर त्याच्यासाठी उरलेला असतो तो एवढाच ऐवज.

हे असे का होते? तर आपण सारे एका जुन्या नियमाने अजून बांधलेले आहोत. 'सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा' हा तो नियम. तो काही चुकीचा नव्हता, पण त्याचा काळ वेगळा होता. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्राला काही मिनिटे उजेड द्यावा लागे. अशा चित्रासाठी मूल कोण बसवणार? पुढे १९०० साली कोडॅकची एक डॉलरची 'ब्राउनी' आली आणि कॅमेरा घरोघर गेला. पण तिचे भिंग साधे, छिद्र बारीक, फिल्म मंद. स्वच्छ ऊन चेहऱ्यावर पडल्यावाचून चित्र उठतच नसे. आपल्याकडे कित्येक घरांत असलेल्या 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री'चे घराणे तेच. एका रोलवर बारा चित्रे, तेव्हा एकही वाया जाऊ द्यायचे नाही. मग ऊन समोर घ्या, म्हणजे खात्री. आजच्या कॅमेऱ्याला, अगदी खिशातल्या फोनलाही, सावलीतला उजेड पुरून उरतो. कॅमेरा बदलला, मुलांना उन्हात उभे करण्याची रीत मात्र राहिली.

आता त्या उन्हाकडे जरा नीट पाहू. आपल्याकडचा वसंत हा विलायतेतल्या वसंतासारखा कोवळा नसतो. २१ मार्चच्या सुमारास पुण्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ७१ अंश वर असतो, आणि मे महिन्याच्या मध्याला तर तो एक दिवस थेट डोक्यावरच येतो. सूर्य इतका वर असला म्हणजे कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचा वरचा भाग तेवढा झळाळतो. डोळ्यांच्या खोबण्या अंधारात जातात. मुलाच्या फोटोत डोळेच नसतील तर मग काय राहिले? म्हणून वेळ साधावी ती सकाळची, सूर्य तीस अंशांच्या खाली असतानाची. पुण्या-मुंबईकडे मार्चच्या अखेरीस ही वेळ साडेआठ-पावणेनऊपर्यंत टिकते. नागपूरकरांनी मात्र आपले घड्याळ वीस मिनिटे आधीचे धरावे, कारण तिकडे सूर्य तेवढा लवकर वर येतो. शिवाय विदर्भात मार्चअखेरीस पारा चाळिशीच्या आसपास घुटमळू लागतो, तेव्हा दहानंतर मुलांना फोटोसाठी बाहेर काढणे हे शहाणपणाचे नव्हेच. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा उजेड उतरता होतो. परीक्षेचे दिवस असल्यामुळे मुलेही नेमकी याच दोन वेळांना मोकळी सापडतात, हा एक आपला फायदाच म्हणायचा.

पण वेळ साधली नाही, पाहुणे बाराला आले, तर? तर उघडी सावली शोधा. उघडी सावली म्हणजे जिथे ऊन पडत नाही, पण आभाळ दिसते अशी जागा. जुन्या घराची ओसरी, पडवी, चाळीची गॅलरी, इमारतीखालच्या मोटारी ठेवण्याच्या जागेचे तोंड, शाळेचा व्हरांडा – या सगळ्या उत्तम जागा. मुलाला कडेपासून हातभर आत, पण तोंड बाहेर करून बसवा. समोरचे उजळलेले अंगण आणि वरचे आभाळ मिळून एक भलीमोठी, मऊ उजेडाची खिडकीच होते. तो उजेड समोरून आणि किंचित वरून येतो, चेहऱ्याला गोलाई देतो आणि डोळ्यांत एक लखलखीत ठिपका ठेवतो. त्या ठिपक्यावर लक्ष ठेवा, बरं का. तो असला की डोळे जिवंत वाटतात, नसला की मूल आजारी असल्यासारखे दिसते. आत, अगदी माजघराच्या दाराशी गेलात तर उजेड झपाट्याने कमी होतो आणि डोळे विझतात. जागा कशी आहे हे पाहायला एक सोपी युक्ती सांगतो. आपली मूठ चेहऱ्यासमोर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. ज्या दिशेला मुठीवर एका बाजूने उजेड येऊन दुसऱ्या बाजूला हलकेच मावळत जातो, त्या दिशेला मुलाचे तोंड करा. कॅमेरा काढायच्या आधी मूल ताटकळत ठेवण्यापेक्षा ही तपासणी आपल्याच मुठीवर केलेली बरी.

झाडांचे काय, असे तुम्ही विचाराल. वसंत म्हणजे झाडे आलीच. पण इथे एक गंमत आहे. पळस, पांगारा, काटेसावर ही आपली फुलांची झाडे फाल्गुनात फुलतात ती बहुधा पानेच झाडून टाकून. त्यांचा रंग डोळ्यांत भरतो, पण त्यांच्याखाली सावली म्हणाल तर फांद्यांच्या जाळीएवढीच. तेव्हा पळस पाठीमागे, लांब राहू द्यावा. नाहीतर सकाळी लवकर जाऊन खाली पडलेला सडा वेचायला मुलांना सोडावे. सावलीसाठी आंबा, फणस, जांभूळ यांच्याकडे जावे. आंब्याखाली गेलात तर कवडशांपासून सांभाळा. पानांच्या फटींतून पडणारे ते गोल गोल ठिपके म्हणजे खरे तर सूर्याचीच चित्रे असतात. प्रत्येक फट म्हणजे एक सुईच्या छिद्राचा कॅमेराच, म्हणून फटी वाकड्यातिकड्या असल्या तरी ठिपका गोल पडतो. सूर्यग्रहणात त्याच ठिपक्यांच्या कोरी होतात. कौतुक करण्यासारखी गोष्ट आहे, पण गालावर, नाकावर असा एकेक सूर्य बसला की चेहरा फुटक्या आरशासारखा दिसतो. मुलाला झाडाच्या खोडाशी नको, सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभे करा. दाट झाडीत आणखी एक त्रास होतो: पानांवरून आणि गवतावरून परतलेला उजेड हिरवट असतो, आणि तो हनुवटीखाली हिरवी झाक सोडतो. खाली एक पांढरी चादर अंथरली की ती झाक जाते. कोकणात जांभ्याची तांबडी जमीन असली तर चादरीचीही गरज नाही. ती माती चेहऱ्यावर खालून छान उबदार उजेड टाकते.

हीच चादर, किंवा आजोबांचे स्वच्छ धोतर, आणखी एका कामाला येते. संध्याकाळी उतरता सूर्य मुलाच्या पाठीशी घ्या. जुन्या नियमाच्या अगदी उलट! केसांभोवती सोनेरी कड येते, कानांच्या पाळ्या लालसर पारदर्शक होतात आणि डोळे मुळीच मिटत नाहीत. चेहरा काळवंडतो म्हणून समोर दोन-तीन हातांवर दोघांनी चादर ताणून धरावी. तिच्यावरचे ऊन परतून चेहऱ्यावर येते. भिंगावर मात्र ऊन पडू देऊ नये. वर एखादी वही धरली तरी चालते. आकडे हवे असणाऱ्यांसाठी थोडक्यात: भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि सेकंदाचा १/१२५ वा भाग हे माप धरले, तर उघड्या सावलीत तेवढ्याच वेळाला छिद्र एफ ४ पर्यंत मोठे करावे लागते. मूल हलणारे असते, त्याला १/५०० हवा. तेव्हा आयएसओ ४०० करावा.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येतो. आपली मुले बहुतेक गहूवर्णी, सावळी, काही चांगली काळीसावळी. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक मात्र समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम करडी आहे असे धरून चालतो. सावळ्या मुलामागे चुन्याची भिंत किंवा दुपारचे आभाळ आले की तो एकूण उजेड फार आहे असे समजून सगळेच अंधारतो, आणि मुलाचा चेहरा कोळशासारखा होऊन जातो. उलट चेहऱ्यानेच सारी चौकट भरली तर तो फिका, धुतल्यासारखा करून ठेवतो. त्यात लग्नसमारंभातल्या गटात एक गोरे आणि एक सावळे भावंड शेजारी असले, की गोऱ्याच्या मापाने फोटो निघतो. याला इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅककडून छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र जात असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती बरोबर उतरली की यंत्र बरोबर आहे असे ठरे. आपल्यासारख्या वर्णाची त्या हिशेबात गणतीच नव्हती.

उपाय अवघड नाहीत. पाठीमागे पांढरी भिंत नको. मातीची, दगडाची, गर्द पानांची पार्श्वभूमी घ्या. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची खूण वरखाली सरकवून, मूल समोर जसे दिसते तसे दिसेपर्यंत थांबा. उजेड एका बाजूने घ्या. सावळ्या गालावर आभाळाची जी मंद चकाकी उमटते ती गोऱ्या गालावर तितकी खुलत नाही. फोटोआधी पावडर थापण्याची हौस मात्र सोडा, तिने ही चकाकी मरते आणि तोंड राखेसारखे होते. आणि फोनमधली ती आपोआप तोंड उजळ, गुळगुळीत करणारी सोय बंद करून ठेवा. आठ वर्षांची मुलगी स्वतःचा फोटो पाहते आणि त्यात आपण आहोत त्यापेक्षा गोऱ्या केलेलो पाहते, तेव्हा घरच्यांनी न बोलता तिला काय सांगितले? शब्दांनी कोणी सांगितले असते तर आपण त्याला घराबाहेर काढले असते.

मुलांना "हस" म्हणू नये. म्हटले की ती दात दाखवतात, आणि दात दाखवणे म्हणजे हसणे नव्हे. त्यांना काहीतरी काम द्या. कैरी आणि तिखट-मीठ हाती द्या, आजीबरोबर शेवग्याच्या शेंगा मोडायला बसवा, वडाच्या पारंब्यांना लोंबकळू द्या. तुम्ही खाली बसा, गुडघे दुखले तरी; उभ्याने काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात. फोन मुलाच्या तोंडाशी नेऊ नका. अगदी जवळून नाक पुढे येते आणि कान मागे जातात. चार-पाच हात मागे सरून दुपटीच्या भिंगाने घ्यावे. तीन वर्षांखालचे मूल दहा मिनिटांच्या वर तुमचे राहत नाही. त्याचे पोट भरलेले आणि झोप झालेली असेल तीच खरी वेळ, मग उजेड थोडा कमीजास्त असला तरी चालेल. रंगपंचमीला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच फोटो उरका. नंतर सगळी मुले एकाच जांभळ्या रंगाची होतात आणि आपले कोणते हे आईलाही कळत नाही. शेजारच्या मुलांचे फोटो कोणाला पाठवायचे झाले तर आधी त्यांच्या आईवडिलांना विचारावे, आणि मूल कळते झाले असेल तर त्यालाही.

एवढे करून वर्षाकाठी चार-पाच फोटो मनासारखे निघतील. ते फोनमध्ये ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, हरवतो, तीन वर्षांत जुना होतो. ते कागदावर छापून घ्या, आणि मागे मुलाचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहा, फोटो पालथा सपाट ठेवून, मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठतो.