दिसलं तेवढंच

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबईच्या कडेने ठाण्याची खाडी पसरली आहे. ओहोटी लागली आणि खारफुटीत अडकलेला एखादा मृतदेह दिसला, की पोलिसांपुढे पहिला प्रश्न येतो तो एकच. माणूस बुडून मेला, की मेल्यावर पाण्यात टाकला गेला?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मदत करतात ते डायटम. ही एकपेशीय शेवाळं डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं असतं. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो, त्यातले काही डायटम रक्तात उतरतात आणि धडधडणारं हृदय त्यांना थेट हाडांच्या मगजापर्यंत पोहोचवतं. मेलेल्या माणसाच्या फुप्फुसात पाणी शिरलं तरी रक्त थांबलेलं असतं, त्यामुळे डायटम पुढे जात नाहीत. म्हणून मांडीच्या किंवा छातीच्या हाडातला मगज नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात. मांस, चरबी सगळं जातं, काचेची कवचं तेवढी उरतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि खाडीतून आणलेल्या पाण्यातल्या डायटमशी ताडून बघायची.

चाचणी ऐकायला नामी आहे, पण शिकवणारे लगेच दुसरी बाजूही सांगतात. डायटम सापडले नाहीत, म्हणून माणूस बुडाला नाही असं म्हणता येत नाही. सापडले, तरी ते प्रयोगशाळेतल्या भांड्यातून किंवा नळाच्या पाण्यातून तर आले नाहीत ना, हे तपासावं लागतं. न्यायवैद्यक आणि न्यायसहायक विज्ञानाचा अभ्यास म्हणजे काय, हे या एका चाचणीवरून कळतं. पुरावा बोलका करायला शिकायचं आणि तो जिथे गप्प होतो तिथे आपणही गप्प बसायला शिकायचं.

नवी मुंबईच्या मुलामुलींना या अभ्यासासाठी जवळचं सरकारी ठिकाण म्हणजे मुंबईतली शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था. हार्बर लाइनने सीएसएमटी गाठायचं आणि तिथून मादाम कामा मार्ग. ही संस्था २००९ मध्ये सुरू झाली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि नागपूरलाही अशाच सरकारी संस्था आहेत. गांधीनगरचं न्यायवैज्ञानिक विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झालं आणि गोव्यातही त्याचं आवार आहे. खासगी विद्यापीठांनी तर गेल्या काही वर्षांत हा विषय उचलूनच धरला आहे.

प्रवेश घेणाऱ्यांपैकी बरेच जण मनात टीव्हीवरची मालिका घेऊन येतात. पहिल्याच सत्रात त्यांना भेटतात ते रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा. हळूहळू विषशास्त्र, रक्त आणि शरीरस्राव, डीएनए, बोटांचे ठसे, बंदुका आणि काडतुसं, वादग्रस्त दस्तऐवज, सायबर अशा शाखा उघडत जातात.

रक्ताचा साधा डाग घ्या. चाकूवर तपकिरी ठिपका आहे. विद्यार्थी ओल्या कापसाने तो टिपतो, त्यावर रंगहीन फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकतो, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा. कापूस गुलाबी झाला. नवशिका ‘रक्त आहे’ असं लिहून मोकळा होतो, आणि तिथेच त्याची वही परत येते. काही वनस्पतींच्या रसानेही असा गुलाबी रंग येऊ शकतो. या टप्प्यावर लिहायचं ते ‘रक्त असण्याची शक्यता’ एवढंच. मग ताकायामाची चाचणी करायची. गुलाबी स्फटिक दिसले तर ‘रक्त आहे’. ते माणसाचं की कोंबडीचं, हे आणखी पुढच्या चाचणीत कळतं. कोणाचं, ते डीएनए सांगतो. आणि चाकू कोणाच्या हातात होता, हे यातली एकही चाचणी सांगत नाही. एकेका पायरीला वाक्य एकेका शब्दाने पुढे सरकतं, त्याहून जास्त सरकू द्यायचं नाही.

प्रयोगशाळेबाहेरचं शिक्षण तितकंच मोलाचं आहे. रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधला तर त्यावर बुरशी चढते आणि डीएनए सडतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालायचा. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातले अवयव, साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात. पाकिटावर लाखेचं सील, पंचांच्या सह्या, मुद्देमालाच्या नोंदवहीत क्रमांक आणि पाकीट कोणी, केव्हा, कोणाच्या हाती दिलं याची नोंद. यातला एक दुवा निखळला, तर लाखमोलाच्या यंत्रातून निघालेला अहवालही उलटतपासणीत लटका ठरतो. बचावाचा वकील बऱ्याचदा रसायनशास्त्राच्या वाटेला जातच नाही, तो सीलबद्दल विचारतो.

हा अहवाल आपल्याकडच्या कोर्टात आजही ‘सीए रिपोर्ट’ म्हणूनच ओळखला जातो. सीए म्हणजे केमिकल ॲनालायझर. सांताक्रूझजवळच्या कलिन्याला गृह विभागाची मोठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तिचं मूळ इंग्रजी अमदानीतल्या मुंबई सरकारच्या याच रासायनिक विश्लेषकाकडे जातं. ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आय. बी. लायन हे त्या पदावर होते. भारतासाठी त्यांनी लिहिलेलं न्यायवैद्यकाचं पाठ्यपुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वापरलं.

या पदाला देशभर प्रसिद्धी मिळाली ती एका मराठी राज्यातल्या प्रकरणाने. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले, त्यांना मळमळलं आणि उरलेलं त्यांनी फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला होता. रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तो तपासला आणि काही भाग मुंबईच्या रासायनिक विश्लेषकाकडे पाठवला. गाळात सोमल निघाला, सोबतची चमकणारी भुकटी हिऱ्याची असावी असंही मत आलं. संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर गेला. १८७५ मध्ये चौकशी आयोग बसला. तीन इंग्रज सदस्यांना महाराज दोषी वाटले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना ते सिद्ध झालं असं वाटलं नाही. सोमलाबद्दल वाद नव्हता, तो घालायला कोणी लावलं याबद्दल होता. सरकारने शेवटी गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून उतरवलं. दीडशे वर्षांनंतरही या विषयाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा सापडणार नाही. प्रयोगशाळेने आपलं काम चोख केलं आणि निकालाचा प्रश्न तरीही उघडाच राहिला.

आता गाळाची जागा फोनने घेतली आहे. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय महापेला आहे आणि नवी मुंबईतल्या मुलांना सायबर फॉरेन्सिकची ओढ वाटली तर नवल नाही. पण इथेही शिस्त तीच. जप्त केलेला फोन उघडून चाळत बसायचं नाही. आधी त्यातल्या माहितीची हुबेहूब प्रत काढायची, मूळ आणि प्रत या दोन्हींचं हॅश मूल्य काढायचं. एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो, म्हणून ते डिजिटल लाखेचं सीलच म्हणायचं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रातही हॅश मूल्य मागितलं जातं.

या पुराव्याचं वजन पनवेलने पाहिलं आहे. नवी मुंबई पोलीस दलातल्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. वसईच्या खाडीत शोध घेऊनही मृतदेह मिळाला नाही. ना मगज, ना डायटम. मोबाइल आणि संगणकातल्या नोंदी, ठावठिकाणे आणि इतर परिस्थितीजन्य पुरावे एकमेकांना जोडत खटला उभा राहिला. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने तेव्हा पोलीस अधिकारी असलेल्या मुख्य आरोपीला जन्मठेप दिली. निकालाला नऊ वर्षं लागली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आणखी एक तरतूद आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, आणि राज्यांनी पाच वर्षांच्या आत ही व्यवस्था लागू करायची. म्हणजे माणसं लागणार. पण पदवी हाती आली की नोकरी ठरलेली, असं समजून कोणी प्रवेश घेऊ नये. प्रयोगशाळांच्या जाहिरातीत कुठे रसायनशास्त्राची पदवी मागतात, कुठे न्यायसहायक विज्ञानाची, कुठे संगणकाची. आईवडिलांनी फी भरण्याआधी मागच्या दोन-तीन भरतींच्या जाहिराती काढून पात्रतेची अट वाचावी. तीन वर्षांनी वाचण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

जे विद्यार्थी नाहीत, त्यांनाही यातलं थोडं शिकता येईल. पोलीस कधी दारात येऊन पंच व्हाल का विचारतात, तेव्हा आपण बहुतेक जण कोर्टाच्या फेऱ्यांना भिऊन दार लावून घेतो. मग पाकिटावर सही करायला नेहमीचेच पंच उरतात आणि खटला तिथेच कच्चा होतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं, तर जा. पंचनामा शेवटपर्यंत वाचा. आणि दिसलं असेल तेवढ्यावरच सही करा.