विश्लेषण : बंदुकीच्या गोळीत शिशासोबत कथिल का मिसळतात? घरगुती ओतकामाचा धोका नेमका कशात?

अमेरिकेत नेमबाजी आणि शिकारीचा छंद असलेले अनेक जण काडतुसाच्या टोकाशी बसणारी शिशाची गोळी घरीच ओततात. गॅरेजमध्ये शिसे वितळवायचे, त्यात थोडे कथिल घालायचे आणि साच्यात ओतायचे, अशी ही पद्धत. विकतच्या गोळीपेक्षा ती स्वस्त पडते. पण या कामात शरीरात जाणारे शिसे ओतणाऱ्यापुरतेच राहत नाही, ते घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोहोचते.

नुसते शिसे का चालत नाही?

शुद्ध शिसे फार मऊ असते. ब्रिनेल मापावर त्याचा कठीणपणा जेमतेम ५ भरतो. वेगाने जाणारी मऊ गोळी नळीच्या आतल्या आट्यांवर शिशाचा थर सोडते आणि नेम बिघडतो. २० भाग शिशाला १ भाग कथिल, या जुन्या मिश्रणाचा कठीणपणा सुमारे १० होतो. मात्र कथिलाचे मुख्य काम वेगळे आहे. त्यामुळे वितळलेल्या धातूचा पृष्ठताण कमी होतो आणि धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. जास्त कठीणपणा हवा असेल तर अँटिमनी वापरतात.

वितळण्याचे गणित काय?

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर कथिल २३२ अंशांना. दोन्ही एकत्र केले की द्रवणांक आणखी खाली येतो. सुमारे ६२ टक्के कथिल असलेले मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. इलेक्ट्रॉनिक्समधले जुने सोल्डर याच तत्त्वावर बनते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाच्या वापरावर निर्बंध आणले, तेही शिशाच्या विषारीपणामुळेच.

धोका धुरात की धुळीत?

शिसे उकळायला सुमारे १,७५० अंश तापमान लागते. ओतकामाच्या भांड्यात तापमान त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका वितळलेल्या धातूवर येणाऱ्या राखाडी मळीचा. ती काढताना, झाडताना बारीक भुकटी उडते. ही भुकटी हाताला, कपड्यांना, बुटांना चिकटते आणि तिथून जेवणात व घरातल्या फरशीवर येते. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला, तर त्याची क्षणात वाफ होऊन तापलेला धातू अंगावर उडतो, तो धोका वेगळाच.

मुलांना जास्त झळ का?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार, पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषते. रांगणारे मूल फरशीवर हात ठेवते आणि तोच हात तोंडात घालते. शिशामुळे मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये मुलांच्या रक्तासाठीची संदर्भपातळी प्रति डेसिलिटर ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. मात्र ही काही सुरक्षित मर्यादा नव्हे. शिशाची सुरक्षित पातळी अद्याप सापडलेली नाही.

भारतात स्थिती काय?

भारतात परवान्याविना दारूगोळा बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद इथे नाही. शिसे मात्र आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारे, सोल्डरिंग करणारे कारागीर यांच्या घरीही ही धूळ याच वाटेने पोहोचते. पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना कथिलात शिशाची भेसळ असेल, तर आमसूल, चिंच किंवा ताकासारख्या आंबट पदार्थांतून ते थेट पोटात उतरते.

काळजी काय घ्यावी?

शिशाचे काम घरात किंवा मुलांजवळ करू नये. कामाचे कपडे व चपला घराबाहेर ठेवाव्यात आणि ते कपडे वेगळे धुवावेत. जेवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कामाची जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. अशा घरातल्या मुलांची रक्ततपासणी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता करून घ्यावी. कारण शिसे वाढत असताना मूल बहुतेकदा ठणठणीतच दिसते.