ही कविता कोणावर?

आमच्या उचगावात दर वर्षी साहित्य संमेलन भरते. कविसंमेलन आटोपून मंडळी उठली की मांडवाबाहेर कोणीतरी कवीला गाठतो आणि हसत विचारतो, "ही कविता कोणावर हो?" प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागची समजूत जुनी आहे. प्रत्येक गाण्यामागे एक स्फूर्तिदेवता असते आणि ती बहुधा एखादी सुंदर तरुणी असते, असे आपण धरूनच चालतो.

प्राचीन ग्रीकांनी अशा नऊ देवता कल्पिल्या होत्या. त्यांची आई कोण? तर स्मृती! हे नाते मला फार पटते. आपल्या भागातली उदाहरणे पाहिली म्हणजे अधिकच पटते.

धारवाडचे द. रा. बेंद्रे (१८९६–१९८१) यांच्या घरची भाषा मराठी, कविता मात्र मुख्यत्वे कन्नड. आईचे नाव अंबिका, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले 'अंबिकातनयदत्त'. घरात मूल दगावले तेव्हा पत्नीने ज्या नजरेने त्यांच्याकडे पाहिले ती त्यांना सोसवली नाही. त्या नजरेवर त्यांनी रचलेले गीत पुढे कन्नडमध्ये घरोघरी पोहोचले. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ते ठाऊक असेलच.

आणि बेळगावच्या इंदिरा संत (१९१४–२०००)? निपाणीजवळच्या तवंदीत त्यांचे बालपण गेले. पती ना. मा. संत हेही लेखक. दोघांचा 'सहवास' हा संग्रह १९४० साली निघाला आणि १९४६ मध्ये संत वारले. पुढे 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७) असे संग्रह आले. वाचकांनी त्यांतली प्रत्येक कविता दिवंगत पतीला लिहिलेले पत्र मानली. मीही तशीच वाचत असे. आता वाटते, यात कवयित्रीवर थोडा अन्यायच होतो. पुरुषाने लिहिले की आपण प्रतिभेचे कौतुक करतो, बाईने लिहिले की तिच्या दुःखाची चौकशी! वैधव्य कितीतरी जणींच्या वाट्याला आले, पण 'मृगजळ' एकीनेच लिहिले. त्यांची 'कुब्जा' वाचून पाहा. सारे गोकुळ झोपेत असताना बासरी ऐकत उभी आहे ती राधा नव्हे, कुबडी कुब्जा. तिला तेथे आणून उभी करणारी कल्पना कोणत्याही चरित्रात सापडायची नाही.

इंदिराबाईंनी जात्यावरच्या ओव्याही जमवल्या, 'मालनगाथा' त्यांचीच. या ओव्यांत आई, माहेर आणि विठ्ठल तर येतातच, पण भाऊराया सर्वांत लाडका. माझी आजी पहाटे दळताना भावावर ओव्यांमागून ओव्या म्हणत असे. त्याचा घोडा, त्याचा शेला, सणाला न्यायला येणारी त्याची गाडी. एकदा मी विचारले, "आजी, हे सगळं कोणावर गं?"

"दळण सरायला नको काय? भावाचं नाव घेतलं की हात हलका होतो," आजी म्हणाली.

आजीला सख्खा भाऊ नव्हता, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी आईकडून कळले.