पायाला भिंगरी

ग्रामोफोनच्या तबकडीवरचा तो कुत्रा आठवतो? भोंग्यापुढे मान तिरकी करून शहाण्यासारखा बसलेला! मराठी घरांना टेरियरची पहिली ओळख झाली ती या चित्रातून. त्याचे नाव निपर. १८८४ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलला जन्मलेला हा टेरियर वंशाचा कुत्रा १८९५ मध्ये गेला. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना तोंड लावायची खोड, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. फ्रान्सिस बॅरॉडने त्याचे चित्र काढले ते तो गेल्यानंतर, आणि १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. जिवंतपणी तो इतका वेळ एका जागी बसला असता, यावर माझा तरी विश्वास नाही.

हे मी अनुभवाने सांगते. गेली चार वर्षे बोरीतल्या आमच्या घरी एक जॅक रसेल टेरियर नांदते आहे. वजन जेमतेम सहा किलो, पण घरातल्या सहा माणसांना पुरून उरते. पुण्यात भाच्याच्या फ्लॅटमध्ये ती दिवसभर एकटी असायची. तिने सोफा कुरतडला, दार ओरबाडले, भुंकण्याच्या तक्रारी सोसायटीपर्यंत गेल्या. "मावशी, तुझ्याकडे मोकळं अंगण आहे. नाहीतर हिला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल," असे म्हणत भाचा तिला घेऊन आला. तिला गोल गोल धावताना पाहून सासूबाई म्हणाल्या, "हिच्या पायाला भिंगरीच आहे गं!" तेच तिचे नाव पडले.

लोक म्हणतात, कुत्री फार खोडकर आहे. मला वाटते, ती खोडकर नाही, बेकार आहे. लॅटिनमध्ये 'टेरा' म्हणजे जमीन, त्यावरून टेरियर. बिळात शिरून कोल्ह्याला बाहेर काढायचे, उंदीर मारायचे, हा यांचा पिढीजात धंदा. पुढे पाद्री झालेल्या जॉन रसेल यांनी १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली. या जातीची कहाणी तिथून सुरू होते. दिवसभर रानोमाळ पळण्यासाठी जोपासलेला हा जीव खोलीत कोंडला तर काय होणार? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!

म्हणून आम्ही तिला काम दिले. पहाटे साडेपाचला करपरा नदीच्या बाजूला तासभर फेरी, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. अंगणाच्या एका कोपऱ्यात मऊ माती टाकली आहे. उकरायचे ते तिथेच. तिच्या वाटणीची भाकरीही ताटलीत मिळत नाही. सासूबाई पोत्याच्या घड्यांत तुकडे लपवतात आणि भिंगरी ते हुंगून शोधून काढते. अर्धा तास हा कार्यक्रम चालतो आणि मग ती अशी गाढ झोपते की विचारू नका. साखळीला बांधून ठेवले असते, तर ती चिडकी आणि चावरी झाली असती.

तिचा हा उत्साहच तिच्या जिवावरही बेतू शकतो. परभणीचा उन्हाळा ठाऊकच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड ठेवते. टेरियर मात्र खेळाच्या नादात थांबत नाही, त्याला आपणच थांबवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा भिंगरी घरातच असते. दुसरी धास्ती उंदरांची. शेतात, कोठारात झिंक फॉस्फाईड टाकलेले असते; ते आमिष किंवा त्याने मेलेला उंदीर कुत्र्याच्या पोटात गेला, तर प्राणावर बेतते. बिळात घोणस किंवा नाग असू शकतो. म्हणून बांधावर तिचा पट्टा हातातून सोडायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. पिठल्यातला कांदा-लसूणही तिला वर्ज्य, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात. गोचिडांसाठी रोज अंग तपासायचे. रेबीजची आणि उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोची लस वेळेवर द्यायची. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हा आम्हाला मोठा आधार.

हल्ली मोबाइलवर अशी पिल्ले पाहून मुले हट्ट धरतात आणि आईवडील वाढदिवसाला पिल्लू आणून देतात. वाढदिवस एका दिवसाचा. हे कुत्रे तेरा ते सोळा वर्षे जगते. ज्यांच्याकडे रोजचे दोन तास नाहीत, त्यांनी गल्लीतले एखादे शांत स्वभावाचे पिल्लू सांभाळावे. तेही माया कमी करत नाही.

पिल्लू केवढ्याला मिळते, हे मला बरेच जण विचारतात. तो प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न आपल्या घरात विचारायचा: पहाटे साडेपाचला उठणार कोण?